डांबरी रस्त्यावरची भेग किती खोल? अल्ट्रासॉनिक चाचणीबद्दल

वऱ्हाडवाट

नमस्कार मंडळी. रस्त्याच्या कामात असणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या गावचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो त्यांच्यासाठीही हा धागा काढतोय.

भेग दिसली की आपल्याकडे आधी तिची रुंदी बघतात. पट्टी लावायची, फोटो काढायचा आणि अंदाजपत्रकात 'क्रॅक सीलिंग' (भेग बुजवणं) नाहीतर '४० मिमी बीसी' (बिटुमिनस काँक्रीट, म्हणजे सगळ्यात वरचा डांबरी थर) लिहायचं. पण दुरुस्ती कोणती करायची ते खोलीवर ठरतं. भेग वरच्या थरात सुरू होऊन तिथेच थांबली असेल, म्हणजे उन्हानं कडक झालेलं बिटुमेन आणि टायरच्या कडेचा ताण एवढंच कारण असेल, तर वरचा थर मिलिंग करून, म्हणजे खरवडून, नवा टाकला की भागतं. तीच भेग डीबीएमच्या (बीसीखालच्या जाड डांबरी थराच्या) तळाशी सुरू होऊन वर आली असेल, तर आपल्याला दिसतंय ते तिचं शेवटचं टोक. आयआरसी ३७ मधे (इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत) रस्त्याची जाडी काढताना तळाच्या ताणाला इतकं महत्त्व दिलंय ते याचसाठी. अशा भेगेवर नुसता नवा थर चढवला की ती त्यातूनही वर येते. आमच्याकडच्या एका राज्यमार्गावर नव्या थरावर पुढच्याच पावसाळ्यानंतर जुन्या भेगा जशाच्या तशा उमटल्या. मैलकुली म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी इथंच होत्या." त्याला प्रत्येक जागा आठवत होती.

खात्रीचा उपाय म्हणजे कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेला रस्त्याचा गोल तुकडा, काढणं. पण प्रत्येक कोअर म्हणजे रस्त्याला एक नवं भोक, आणि ते नीट भरलं नाही तर तिथूनच पाणी शिरतं. शिवाय कोअर एका बिंदूचं सांगतो. दोन मीटर पुढे तीच भेग किती खोल आहे ते त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही काँक्रीटसाठी वापरतो तेच अल्ट्रासॉनिक पल्स-वेगाचं यंत्र, म्हणजे ध्वनिलहरीला पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते मोजणारं, रस्त्यावर आणलं.

तत्त्व सोपं आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर प्रोब ठेवायचे, एक लहर सोडणारा आणि एक ती पकडणारा. भेगेत हवा असते आणि हवेतून लहर जवळजवळ जातच नाही, त्यामुळे ती भेगेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे पोचते आणि तिला वेळ जास्त लागतो. शेजारच्या चांगल्या भागावर तेवढ्याच अंतराला किती वेळ लागतो ते आधी मोजून ठेवायचं. मग भेगेवरच्या वेळेला चांगल्या भागावरच्या वेळेनं भागा, वर्ग करा, एक वजा करा, वर्गमूळ काढा आणि एका बाजूच्या अंतरानं गुणा. आली खोली.

उदाहरण घेऊ. प्रोब भेगेपासून प्रत्येकी १०० मिमीवर आहेत. चांगल्या भागावर २०० मिमी जायला ७० मायक्रोसेकंद लागले, म्हणजे वेग साधारण २,८५० मीटर प्रति सेकंद. भेगेवर ८५ मायक्रोसेकंद लागले. गणित करा, खोली ६९ मिमी येते. वर ४० मिमी बीसी आणि खाली डीबीएम असेल तर भेग डीबीएममधे चांगली आत गेलेली आहे, आणि नुसतं बीसी बदलून काही होणार नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. रस्त्यावर तसं नसतं. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

जुना_उपअभियंता

विषय चांगला काढलात. मी सेवेत असताना पुलांच्या काँक्रीटवर ही चाचणी भरपूर करून घेतली आहे, म्हणून आधी एक सावधगिरीची सूचना देतो. काँक्रीटचे तक्ते डांबराला लावू नका. आयएस १३३११ या भारतीय मानकाच्या १९९२ च्या तक्त्यात ३.५ ते ४.५ किमी प्रति सेकंद म्हणजे काँक्रीट 'चांगलं' आणि ३ च्या खाली 'शंकास्पद' होतं. तुमच्या उदाहरणातला २.८५ चा वेग त्या तक्त्यात घातला तर धडधाकट डांबरी थर नापास होईल. एका अहवालात असं झालेलं मी वाचलं आहे.

दुसरं, काँक्रीट सकाळी आणि दुपारी जवळपास तेच असतं. डांबर तसं नाही. आयआरसी ३७ च्या २०१८ च्या आवृत्तीतला तक्ता बघा: व्हीजी-३० (बिटुमेनची एक प्रत) वापरलेल्या बीसी-डीबीएमचा मॉड्यूलस, म्हणजे ताठपणा, २० अंशांना ३,५०० एमपीए आणि ४० अंशांना १,२५०. व्हीजी-३० चा सॉफ्टनिंग पॉइंट (मऊ पडायचं तापमान) किमान ४७ अंश मागितला जातो, आणि मे महिन्यात अकोल्या-नागपूरकडे रस्त्याचा पृष्ठभाग त्याच्याही पुढे जातो. मग सकाळी चांगल्या भागाचं रीडिंग घेतलं आणि दुपारी भेगेवर घेतलं, तर जो जास्तीचा वेळ दिसेल त्यातला भेगेचा किती आणि उन्हाचा किती?

वऱ्हाडवाट

सर, अगदी बरोबर. म्हणून आमचा पहिला नियम असा की प्रत्येक भेगेजवळच, हातभर अंतरात, चांगल्या भागाचं रीडिंग घ्यायचं आणि लगेच भेगेवर यायचं. संपूर्ण किलोमीटरला एकच वेग धरायचा नाही.

तापमानासाठी बेंकेलमन बीमवाली (भाराखाली रस्ता किती वाकतो ते मोजण्याच्या चाचणीतली) जुनी युक्ती कामाला येते. रस्त्यात साधारण ४० मिमी खोल बारीक भोक पाडायचं, त्यात ग्लिसरीन टाकायचं, थर्मामीटर घालून आतलं तापमान बघायचं. बीमचं रीडिंग ३५ अंशांच्या प्रमाण तापमानाला दुरुस्त करून घेतात. इथे दुरुस्ती लावत बसण्यापेक्षा आतलं तापमान जास्त झालं की काम थांबवणं मला बरं वाटतं. तुम्ही दिलेला तक्ता संथ भारासाठी आहे. आमच्या यंत्राच्या ५४ किलोहर्ट्झ वारंवारतेला डांबर त्याहून ताठ वागतं, त्यामुळे वेगात एवढी मोठी घसरण होत नाही. पण दुपारी लहर इतकी विरते की पहिला ठोका, म्हणजे लहर पोचल्याची पहिली खूण, स्क्रीनवर सापडतच नाही. यंत्र मग दुसरा किंवा तिसरा ठोका पकडतं, वेळ फुगतो आणि भेग आहे त्यापेक्षा खोल दिसते. आकडा स्क्रीनवर आला की तो खरा वाटतो, म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता लहरीची आकृती दाखवणारंच यंत्र वापरावं असं माझं ठाम मत आहे.

लहरवेध

मी एमटेक करतेय, प्रबंधाचा विषय जवळपास हाच आहे म्हणून विचारते. प्रयोगशाळेत डांबरी स्लॅब करून करवतीनं २०, ४०, ६० मिमी खोल खाचा मारल्या. ६० ची खाच बऱ्यापैकी बरोबर येते, ४० ची चालेल अशी, पण २० ची कधी ५ येते तर कधी ३५. प्रोब १०० मिमीवर ठेवते. वारंवारता वाढवून २५० किलोहर्ट्झचे प्रोब घेतले तर सुधारेल का?

वऱ्हाडवाट

ताई, आधी गणित बघा. चांगल्या भागावर ७० मायक्रोसेकंद लागत असतील तर १०० मिमी अंतरावरून २० मिमीच्या खाचेला ७१.४ लागतील. फरक फक्त १.४ मायक्रोसेकंद. रस्त्यावर एका जागी प्रोब उचलून पुन्हा ठेवला तरी तेवढा फरक पडतो. प्रोब ५० मिमीवर आणा: चांगल्या भागावर ३५, खाचेवर ३७.७. फरक जवळपास दुप्पट झाला, आणि तोही निम्म्या वेळेवर. उथळ भेगेला प्रोब जवळ, खोल भेगेला लांब.

खोल भेगेतही चूक किती वाढते ते वरच्याच उदाहरणात पाहा. ८५ ऐवजी ८२ वाचलं तर खोली ६१ मिमी आणि ८८ वाचलं तर ७६. तीन मायक्रोसेकंदांत इकडे-तिकडे ८ मिमी. म्हणून मी अहवालात '६९ मिमी' असं लिहीत नाही, '६० ते ७५' असं लिहितो. दुरुस्ती ठरवायला तेवढं पुरतं.

जवळ आणताना अडचण प्रोबच्या आकाराची येते. ५४ किलोहर्ट्झचे नेहमीचे चपटे प्रोब ५० मिमी व्यासाचे असतात. मग अंतर मध्यापासून मोजायचं की कडेपासून? टोकदार, शंकूसारख्या तोंडाचे प्रोब मिळाले तर घ्या. खडबडीत पृष्ठभागावर त्यांना (प्रोब आणि रस्त्यामधली हवेची फट भरायला लावतात ते) ग्रीसही फारसं लागत नाही.

खडीक्रशर

२५० किलोहर्ट्झबद्दल मी सांगतो. डांबरात वेग ३,००० धरला तर ५४ किलोहर्ट्झची तरंगलांबी ५५ मिमी होते. २५० ला ती १२ मिमी. बीसीतली खडी १३ किंवा १९ मिमीची, डीबीएममधली त्याहून मोठी. लहर खडीएवढीच झाली की प्रत्येक खड्यावर आपटून विखुरते, पलीकडे काही पोचत नाही. आपली खडी बेसॉल्टची, तिच्यातून लहर ५-६ किमी प्रति सेकंदानं जाते, आणि मधलं मॅस्टिक (बिटुमेन आणि बारीक भुकटीचं मिश्रण) मऊ. एवढा फरक असल्यावर विखुरणं जास्तच. पोलादी वेल्डिंग तपासणारे मेगाहर्ट्झमधे काम करतात ते पाहून डांबरात वारंवारता वाढवायचा मोह होतो, पण डांबरात खालीच राहावं लागतं.

जुना_उपअभियंता

लहरवेध, एक गोष्ट मार्गदर्शकांशी बोलून घ्या. करवतीची खाच म्हणजे भेग नव्हे. खाचेत दोन-तीन मिमी स्वच्छ हवा असते, दोन्ही भिंती एकमेकींपासून दूर. खऱ्या भेगेत खडी खडीला टेकलेली असते, मधे माती बसलेली असते, आणि उन्हात डांबर फुगून भिंती एकमेकींवर दाबल्या जातात. लहर टोकापर्यंत जातच नाही, मधल्या स्पर्शबिंदूंतून आडवी निघून जाते आणि खोली कमी दिसते. म्हणजे दुपारी पहिला ठोका चुकला तर खोली जास्त, आणि भेग मिटली तर कमी. दोन्ही चुका एकाच वेळी. शक्य असेल तर स्लॅब वाकवून खरी भेग पाडा, चाचणी घ्या, मग स्लॅब कापून भेगेची खोली डोळ्यांनी बघा. त्याशिवाय प्रबंधातलं समीकरण रस्त्यावर चालणार नाही.

लहरवेध

सर, हे खूप महत्त्वाचं आहे. वाकवून भेग पाडलेले दोन डांबरी बीम आमच्याकडे पडून आहेत, फटीग (पुन्हा पुन्हा भार देण्याच्या) चाचणीचे. त्यांच्यावर घेऊन बघते. आणि खाचांवर पुन्हा ५०, ७५, १०० असं अंतर बदलून घेते.

मिनेसोटाकर

इकडून थोडी भर. मी मिनेसोटात रस्त्यांच्या चाचण्यांच्या कामात आहे. इथे आय-९४ ला लागून एमएनरोड नावाचा प्रायोगिक रस्ता आहे, १९९४ पासून त्यावर खरी वाहतूक चालते. आमच्या भेगांचं कारण तुमच्यापेक्षा वेगळं. हिवाळ्यात डांबर आकसतं आणि रस्त्याला आडव्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भेगा पडतात. त्या बहुधा वरूनच खाली जातात. थंडीत लहर मात्र छान जाते. वेग वाढतो, विरणं कमी होतं आणि भेग उघडी असते. तुमच्याकडे जानेवारीची पहाट जे देईल ते इथे नोव्हेंबरभर मिळतं.

दुसरं, नुसत्या पहिल्या ठोक्यावर अवलंबून राहू नका. पृष्ठभागावरून जाणारी लहर जास्त जोरदार असते आणि ती साधारण आपल्या तरंगलांबीएवढ्या खोलीपर्यंत रस्ता 'बघते'. वारंवारता कमी केली की खोलवर, वाढवली की वरवर. भेगेच्या अलीकडे आणि पलीकडे तिचा जोर किती उरला ते मोजलं तर भेग किती खोल गेली याचा दुसरा, स्वतंत्र अंदाज मिळतो. एल पासोच्या टेक्सास विद्यापीठात नझारियन यांच्या गटानं पीएसपीए नावाचं उपकरण याच पृष्ठलहरींवर बनवलं. एक छोटा ठोका देणारा भाग, दोन ग्राहक, रस्त्यावर ठेवला की वरच्या थराचा मॉड्यूलस काही सेकंदांत. ते मुळात ताठपणा मोजायला आहे, पण ज्या जागी भेग आहे किंवा थर एकमेकांपासून सुटलेत तिथे मॉड्यूलस एकदम पडतो, त्यावरून संशयाच्या जागा हेरता येतात.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांच्यासाठी: ही सगळी पद्धत भेगेच्या प्रश्नातूनच आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात ओंटारियोच्या जलविद्युत आयोगात लेस्ली आणि चीझमन यांनी 'सोनिस्कोप' बनवला तो धरणांच्या काँक्रीटमधल्या भेगा तपासायला. त्याच सुमारास इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत जोन्स यांचं असंच काम चालू होतं.

काळीमाती

मी परभणीकडचा, ठेकेदारीत आहे. सगळं वाचलं, पण एक प्रामाणिक प्रश्न. आमच्याकडच्या निम्म्या भेगा रस्त्याच्या कडेनं लांबच लांब जातात, साइडपट्टीपासून दोन-तीन फूट आत. मार्च-एप्रिलमधे काळी माती आकसली की रस्ता कडेनं फाटतो. त्यात हात घातला तर कोपरापर्यंत जातो. तिथे हे यंत्र लावून काय मिळणार?

वऱ्हाडवाट

काही नाही, दादा. तिथे यंत्र लावूच नये. ती भेग डांबराची नाहीच, मातीची आहे. ती खालून सगळे थर फाडत येते. साइडपट्टीचं पाणी आवरणं, कडेची माती बदलणं किंवा चुन्यानं सुधारणं हे तिचे उपाय, आणि डांबर कितीही टाकलं तरी पुढच्या उन्हाळ्यात ती परत येणार. अल्ट्रासॉनिकचा उपयोग चाकांच्या पट्ट्यातल्या भेगांसाठी आहे, जिथे ती वरून आली की खालून हे डोळ्यांना कळत नाही. अ‍ॅलिगेटरच्या टोकाला गेलेल्या, म्हणजे मगरीच्या कातडीसारखं भेगांचं जाळं होऊन तुकडे हलायला लागलेल्या भागातही नको. तिथे निकाल लागलेला असतो. सुरुवातीच्या एकेरी किंवा दुहेरी भेगा, चाकाच्या रेषेत, अजून जाळं न झालेल्या, त्यांच्यावर पैसे आणि वेळ घालवा. त्या टप्प्यावर कळलं तर रस्ता वाचतो.

काळीमाती

हे पटलं. मग अजून एक. आम्हाला दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावर दोष ठेकेदारानंच दुरुस्त करायच्या मुदतीत) भेग पडली की थेट नोटीस येते. भेग आमच्या बीसीत आहे की खालच्या जुन्या डीबीएममधून आली, यावर कायम वाद. ज्या थराचं काम आम्ही केलंच नाही त्याच्या भेगेचे पैसे आम्ही भरायचे का?

जुना_उपअभियंता

वाद दोन्ही बाजूंनी होतो हे मान्य. पण अल्ट्रासॉनिकचा आकडा एकट्यानं पुरावा म्हणून पुढे करू नका, कोणीही पाच मिनिटांत खोडून काढेल. दोन्ही पक्षांसमोर ओळीनं रीडिंग घ्या, त्यावरून तीन-चार जागा निवडा आणि तिथे दोघांच्या सह्यांनी कोअर काढा. भेगेवरच कोअर पाडला की कापलेल्या बाजूवर ती कुठवर गेली ते स्पष्ट दिसतं. भेग बीसीच्या तळाशी थांबलेली असेल तर जबाबदारी वरच्या थराची. खालून येऊन बीसीच्या अर्ध्यातच थांबली असेल तर जबाबदारी कुठे ते सांगायची गरज नाही.

आणि कोअरचा खालचा भाग फेकू नका. प्रयोगशाळेत नेऊन वरचा आणि खालचा थर वेगळे कापा, दोन टोकांना प्रोब लावून थेट आरपार वेग घ्या. ही सगळ्यात विश्वासाची रीत. खालच्या तुकड्यात वेग बराच कमी निघाला तर बिटुमेन खडीपासून सुटायला लागलंय किंवा बारीक भेगांनी तो थर पोखरलाय असं समजा, जरी नुसत्या डोळ्यांना तो धड दिसत असला तरी.

मुळाकाठ

मी या क्षेत्रातली नाही, पण रोज याच रस्त्यांवरून दुचाकीनं जाते. महामार्गांवर ती कॅमेरे आणि लेझर लावलेली मोठी गाडी फिरते, तिच्यातून हे कळत नाही का?

खडीक्रशर

ताई, ती नेटवर्क सर्व्हे व्हेइकल. तिचं काम मोठं आहे: चालत्या वेगानं खड्डे, चाकोऱ्या, खडबडीतपणा आणि भेगांचं क्षेत्रफळ ती टिपते. पण तिला दिसतो तो पृष्ठभाग. भेग आत कुठे गेली ते तिला दिसत नाही. जीपीआर, म्हणजे रडार, थरांची जाडी आणि आत साचलेलं पाणी छान दाखवतं, बारीक उभी भेग मात्र त्यातून सहसा सुटते. एफडब्ल्यूडी वजन टाकून रस्ता किती वाकतो ते सांगतं, म्हणजे एकूण ताकद. गाडीनं पट्टे शोधायचे, एफडब्ल्यूडीनं कमकुवत तुकडा ठरवायचा आणि त्या तुकड्यात अल्ट्रासॉनिक घेऊन गुडघ्यावर बसायचं, असा क्रम लागतो.

मुळाकाठ

आणि पावसाळ्यात? भेगा तर तेव्हाच जास्त दिसतात.

वऱ्हाडवाट

पावसाळ्यात भेगा बघाव्यात, खुणा कराव्यात, अल्ट्रासॉनिक घेऊ नये. भेगेत पाणी भरलं की लहर त्यातून सरळ पलीकडे जाते. पाण्यात तिचा वेग जवळपास १,५०० मीटर असतो. यंत्र मग खोल भेगही उथळ दाखवतं. पाण्यातून न जाणाऱ्या आडव्या कंपनाच्या लहरींची यंत्रं आहेत, काँक्रीटमधे ती वापरतात, पण महाग आहेत. आमच्या कामात पावसाळ्यात दिसलेल्या भेगांना रंगानं खुणा करतो, साखळीचा आकडा (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहून ठेवतो आणि डिसेंबर-जानेवारीत कोरड्या सकाळी परत येतो. ज्या भेगांच्या कडेला पाऊस थांबल्यावर पांढुरकी माती वर आलेली असते त्या जागा आधी घ्या. चिखल वर आलाय म्हणजे चाकाखाली पाणी डब्ल्यूएमएमपर्यंत (डांबराखालच्या खडीच्या थरापर्यंत) जाऊन बारीक माती घेऊन परत येतंय. तिथे भेग आरपार असण्याचीच शक्यता जास्त.

प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी: भेगेवरून आधी तारेचा ब्रश, मग हवेचा फवारा. खडूनं भेगेला काटकोनात रेघ, त्यावर ५०, १००, १५० मिमीच्या खुणा दोन्हीकडे. प्रोबला ग्रीस जाडसर लावायचं, पण भेगेत जाऊ द्यायचं नाही, ते भेगेत भरलं की लहरीला पूल मिळतो. प्रत्येक अंतरावरून काढलेली खोली सारखी आली तर विश्वास ठेवा. अंतर वाढवताना खोलीही वाढत गेली, किंवा ती थरांच्या एकूण जाडीपेक्षा जास्त आली, तर सूत्र लागू होत नाही असं समजून कोअर काढा. आणि माणसांना बसवण्याआधी शंकू, फलक, झेंडेवाले. आयआरसी एसपी ५५ (काम चालू असताना वाहतूक सांभाळण्याची नियमावली) फक्त मोठ्या कामांसाठी नसतं.

लहरवेध

शेवटची एक शंका. भेग तिरकी असेल तर? वरून काटकोनात दिसते, आत कलते.

जुना_उपअभियंता

त्याची सोपी खूण आहे. दोन्ही प्रोब भेगेच्या अगदी जवळ ठेवा, मग एक एक करून भेगेपासून दूर सरकवा. एरवी दूर नेला की वेळ वाढायलाच हवा. एखाद्या बाजूला नेताना वेळ उलट कमी झाला तर भेग आत त्याच बाजूला कललेली आहे. मग कोअर भेगेच्या वरच्या तोंडावर न पाडता त्या बाजूला थोडा सरकवून पाडा, नाहीतर भेग कोअरच्या बाहेर निघून जाईल आणि हातात आलेला तुकडा धड दिसेल.